कोरी वही

आमच्या रुग्णालयाला दर्जाचं मानांकन मिळवायचं होतं, त्याच्या तयारीची पहिली बैठक होती. चुका आणि अपघात लिहायची घटनानोंद वही मी सोबत नेली होती आणि मला तिचा अभिमान वाटत होता. दोनशे खाटांचं रुग्णालय, अख्खं वर्ष, आणि नोंदी फक्त चार. दोन पेशंट बाथरूमकडे जाताना पडले होते, एकाचा सलाईनचा हात सुजला होता, आणि एकदा नातेवाइकांनी अपघात विभागात आरडाओरडा केला होता. सल्लागार म्हणून आलेल्या डॉक्टर मॅडमनी पानं उलटली, वही मिटली आणि शांतपणे विचारलं, "सिस्टर, तुमच्याकडे चुका होत नाहीत, की कोणी सांगत नाही?"

वैद्यकीय संचालक होते, मेट्रन होत्या. कोणीच काही बोललं नाही. मी वॉर्डात सतरा वर्षं काढली होती. इंजेक्शनची वेळ चुकते, एकाच्या रक्ताच्या नमुन्यावर दुसऱ्याचं लेबल लागतं आणि लक्षात आल्यावर घाईघाईने बदललं जातं, पाळी संपताना पुढच्या सिस्टरला ओव्हर देताना एखादी ऑर्डर सांगायची राहून जाते. हे सगळं मी पाहिलं होतं, त्यातलं काही माझ्या हातूनही झालं होतं. वहीत त्यातलं एकही नव्हतं. वहीत नाव गेलं की मागोमाग मेमो येतो, हे आमच्याकडे शिकाऊ मुलीलाही पहिल्या आठवड्यात कळायचं.

पुढचे चौदा महिने मी गुणवत्ता समन्वयक म्हणून काम केलं. मॅडमचा तो प्रश्न त्या सगळ्या काळात माझ्या मागे होता.

सुरुवात कागदांनी झाली. मानकांचं पुस्तक उघडलं की प्रत्येक ओळीला धोरण हवं, कार्यपद्धती हवी, नोंद हवी आणि नोंदीचा पुरावा हवा. कोणीतरी दुसऱ्या एका रुग्णालयाच्या फायली मिळवल्या आणि आम्ही त्या उतरवून घेतल्या. त्यात एके ठिकाणी जळीत विभागाचा उल्लेख होता. आमच्याकडे जळीत विभागच नाही, तरी ती ओळ तीन सह्यांखालून पार झाली. तेव्हा मी ठरवलं की ज्या वॉर्डाची कार्यपद्धती, त्याच वॉर्डातल्या सिस्टरनी ती तोंडी सांगायची आणि मी लिहून घ्यायची. वेळ पुष्कळ गेला, पण फायली निम्म्याने पातळ झाल्या आणि वाचण्याजोग्या झाल्या. कागदांबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

चौथ्या महिन्यात आम्ही आपसातच सराव तपासणी घेतली. एक पेशंट निवडायचा आणि तो ज्या वाटेने गेला त्याच वाटेने आपण चालायचं: अपघात विभाग, एक्स-रे, ऑपरेशन थिएटर, आयसीयू, वॉर्ड. प्रत्येक ठिकाणी जो समोर दिसेल त्यालाच विचारायचं, त्याच्या प्रमुखाला नाही. आम्ही खुब्याचं हाड मोडलेल्या एका आजी निवडल्या. वॉर्डात सिस्टरला विचारलं, "पेशंट ओळखता कशावरून?" ती म्हणाली, "बारा नंबर." आजी आदल्या रात्रीच बारावरून पंधरावर हलवल्या गेल्या होत्या. पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक, अशा दोन ओळखी मनगटपट्टीशी जुळवल्याशिवाय औषध, रक्त, काहीही द्यायचं नाही, हे प्रत्येक मानकात पहिल्याच पानांवर असतं. आमच्या भिंतीवरही ते लावलेलं होतं.

मग क्रॅश कार्टपाशी, म्हणजे जीव वाचवायच्या तातडीच्या सामानाच्या ट्रॉलीपाशी आलो. तपासणीचा तक्ता ट्रॉलीला लटकवलेला होता आणि महिन्याच्या प्रत्येक तारखेसमोर बरोबरची खूण होती. मी लॅरिंगोस्कोप उचलला, पातं जोडलं. दिवा लागला नाही, सेल संपले होते. तक्त्यावर उद्याच्या तारखेसमोरही खूण केलेली होती.

श्वास थांबलेल्या माणसाच्या घशात नळी घालायची असते तेव्हा आत दिसायला तेवढा एकच दिवा असतो. चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. मला संताप आला होता. पण मी काही बोलायच्या आत त्या सिस्टरने हिशोब मांडला. "साडेसातला ओव्हर. सव्वीस पेशंटचा ओव्हर घ्यायचा, नार्कोटिक्स मोजायची, ट्रॉलीतल्या साठ वस्तू तपासायच्या. आठला राउंड सुरू. मॅडम, तुम्हीच सांगा, कधी तपासू?"

मी आठवडाभर तिच्यासोबत साडेसातला उभी राहिले. तिचं खरं होतं. जे काम त्या अर्ध्या तासात मावतच नव्हतं ते आम्ही रोज सही घेऊन तिच्याकडून 'करून' घेत होतो. मग ट्रॉलीला क्रमांक असलेलं प्लास्टिकचं सील लावलं. सील शाबूत असेल तर आतलं मोजायचं नाही, फक्त सीलचा क्रमांक लिहायचा, हृदयाला विजेचा झटका देणारा डिफिब्रिलेटर आणि लॅरिंगोस्कोप चालवून बघायचे. आतलं सगळं महिन्यातून एकदा आणि प्रत्येक वापरानंतर तपासायचं. रोजचं काम तीन मिनिटांवर आलं. त्यानंतर त्या तक्त्यावर उद्याची खूण मला कधी दिसली नाही.

सातव्या महिन्यात ती रात्र आली.

पहाटे साडेचारचा सुमार. मेडिकल वॉर्डातली सिस्टर अँटिबायोटिकची पावडर विरघळवायला डिस्टिल्ड वॉटर काढत होती. हातात आला तो पोटॅशियम क्लोराईडचा अँप्युल. दोन्ही दहा मिलिलिटरचे, दोन्ही पारदर्शक, दोन्ही एकाच कप्प्यात. सिरिंज भरून झाली होती. सोबतची शिकाऊ मुलगी रिकामा अँप्युल टाकायला गेली आणि टाकता टाकता तिने लेबल वाचलं. "ताई, हे पोटॅशियम आहे." पोटॅशियम क्लोराईड पातळ न करता, झटक्यात शिरेत गेलं तर हृदय बंद पडतं. बेडवर न्यूमोनियाने आलेला पस्तिशीचा माणूस झोपलेला होता. दोन दिवसांनी तो बरा होऊन घरी गेला.

मला हे कळलं ते ती सिस्टर स्वतः येऊन बोलली म्हणून. पेशंटला काही झालेलं नव्हतं. ती गप्प राहिली असती तर कोणालाही पत्ता लागला नसता. ती माझ्या खोलीत आली, बस म्हटलं तरी बसली नाही, आणि सांगताना तिचे हात थरथरत होते. आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "लक्ष कुठे होतं तुझं?"

चूक सांगणाऱ्याला शिक्षा नाही, असं सात महिने प्रत्येक प्रशिक्षणात मी सांगत होते. त्या एका वाक्याने ते सगळं पुसलं गेलं. पुढचा अर्धा तास ती 'हो मॅडम', 'चुकलं मॅडम' याखेरीज एक अक्षर बोलली नाही. मला त्या वाक्याचं आजही वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी मी वॉर्डात गेले, तिची माफी मागितली आणि तो प्रश्न बदलून विचारला, "त्या रात्री तू कधीपासून जागी होतीस?" दुपारी दोनपासून ड्युटीवर आणि सकाळी सहापासून जागी. संध्याकाळची आणि रात्रीची अशी डबल ड्युटी होती. म्हणजे सिरिंज भरली तेव्हा तिला जागं होऊन साडेबावीस तास झाले होते. सलग सतरा तास जागं राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी खालावते, असं ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवून दिलं आहे. कित्येक देशांत तेवढ्या अल्कोहोलवर गाडी चालवता येत नाही.

आम्ही मूळ कारण शोधायला बसलो. ती सिस्टर, शिकाऊ मुलगी, फार्मसीतला एक जण, स्टोअरचे मामा आणि मी. 'का' विचारत गेलो. दोन्ही अँप्युल एका कप्प्यात का? स्टोअरमधून माल आला की जिथे जागा असेल तिथे भरला जातो. पोटॅशियम वॉर्डात मुळात का? रात्री फार्मसीतून आणायला पाऊण तास लागतो. तिच्यावर डबल ड्युटी का? रात्रीची सिस्टर तापाने आली नाही. बदली कोणी का नव्हतं? दोन जणींनी नोकरी सोडली होती, त्या जागा चार महिने रिकाम्या होत्या. आणि संध्याकाळला रात्र जोडायची ही पद्धत आली कुठून? इथे सगळे माझ्याकडे बघू लागले. त्या वॉर्डाची इन्चार्ज असताना ती मीच सुरू केली होती. मुलींना पाठोपाठ दोन दिवस सुट्टी मिळावी, एवढाच माझा हेतू होता. मुलींनाही ती हवी होती.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी अशा घटनांना चीजच्या चकत्यांची उपमा दिली आहे. प्रत्येक चकतीला भोकं असतात, आणि सगळी भोकं एका रेषेत आली की अपघात आरपार जातो. हे चित्र मी प्रशिक्षणात कितीदा तरी फळ्यावर काढलं होतं. त्यातलं एक भोक माझ्या अक्षरातल्या ड्युटी चार्टचं आहे, हे कळल्यावर मात्र ते वेगळं दिसायला लागलं.

घट्ट पोटॅशियम त्याच आठवड्यात वॉर्डांतून उचललं. ते आता फार्मसीत कुलपात असतं आणि वॉर्डात पातळ केलेली बाटलीच येते. इन्सुलिन, रक्त गोठू न देणारं हेपरिन यांसारखी धोक्याची औषधं दोघींनी वेगवेगळी तपासायची आणि दोघींनी सही करायची, हेही ठरलं. रात्री फार्मसीतला माणूस वॉर्डात येऊन औषध देतो.

त्या सिस्टरचं काय, याचा विचार मात्र आमच्यापैकी कोणीच केला नव्हता. तीन आठवड्यांनी तिने राजीनामा आणून दिला. औषधांची ट्रॉली समोर आली की हात पुढे होत नाही, म्हणाली. एकच लेबल चार-चारदा वाचते आणि तरी विश्वास बसत नाही. घरी झोप नाही. अमेरिकन डॉक्टर अल्बर्ट वू यांनी २००० मध्ये अशा माणसांसाठी 'दुसरा बळी' असा शब्द वापरला होता. चूक झाली की पहिला बळी पेशंट, दुसरा ती जिच्या हातून ती झाली. काहींना हा शब्द आवडत नाही, पेशंटचं दुःख त्याने झाकलं जातं असं त्यांना वाटतं, आणि तेही मला पटतं. पण त्या दुपारी माझ्यासमोर बसलेल्या मुलीला दुसरं काय म्हणावं हे मला सुचत नव्हतं.

राजीनामा मी टेबलाच्या खणात ठेवला आणि तिला पंधरा दिवस दिवसपाळी दिली, औषधं वाटताना जोडीला एक ज्येष्ठ सिस्टर दिली. समुपदेशकाकडे जाण्याचा वेळ ड्युटीतच धरला, सुट्टीतून कापला नाही. सगळ्यात उपयोग झाला तो बालरोग विभागातल्या एका ज्येष्ठ सिस्टरचा. ती आपणहून तिच्याशेजारी जाऊन बसली आणि वीस वर्षांपूर्वी स्वतःच्या हातून झालेली चूक तिला सांगितली. ती गोष्ट तिने तोवर कोणालाच सांगितली नव्हती. पुढे हेच आम्ही रीतसर केलं. प्रत्येक विभागातून एक-दोन जणी निवडल्या. अशी घटना झाली की त्याच पाळीत त्यांच्यापैकी एकीने जाऊन सोबत बसायचं. चौकशी करायची नाही, फक्त ऐकायचं, आणि ती पाळी दुसऱ्या कोणाकडे देता येईल का ते पाहायचं.

डबल ड्युटी बंद करणं सगळ्यात अवघड गेलं. मेट्रन म्हणाल्या, माणसं कुठून आणू? हिशोब विभागाने विचारलं, मानकात कुठे लिहिलंय? आणि मुलींचा स्वतःचाही विरोध होता, कारण जोडून सुट्टी जाणार होती. त्यांना घरी मुलं होती, म्हातारी माणसं होती, ती सुट्टी म्हणजे त्यांचा सगळा आधार होता. मी तीन वेळा संचालकांकडे गेले. जागतिक आरोग्य संघटनेने १७ सप्टेंबर हा रुग्णसुरक्षा दिन २०१९ पासून पाळायला सुरुवात केली आणि दुसऱ्याच वर्षी त्याचा विषय आरोग्य कर्मचाऱ्यांची सुरक्षितता हा ठेवला, ही माहिती मी त्यांच्यापुढे ठेवली. त्याने ते हलले नाहीत. ते हलले ते, त्या पोटॅशियमच्या रात्रीचा तक्ता वेळेसकट त्यांच्या टेबलावर ठेवला तेव्हा. चार राखीव सिस्टर मंजूर झाल्या. रात्रीनंतर सुट्टी सक्तीची झाली. जोडून दोन सुट्ट्या महिन्यातून दोनदा तरी मिळतील अशी रचना मुलींनीच बसून केली, आणि ती माझ्या आधीच्या चार्टपेक्षा चांगली होती.

हातांच्या स्वच्छतेची गोष्ट थोडक्यात सांगते. हात कधी कधी स्वच्छ करायचे त्याच्या पाच वेळा ठरलेल्या आहेत: पेशंटला हात लावण्याआधी, निर्जंतुक कामाआधी, शरीरातल्या द्रवांशी संबंध आल्यावर, पेशंटला हात लावल्यानंतर आणि त्याच्या आसपासच्या वस्तूंना लावल्यानंतर. अल्कोहोल रबने वीस ते तीस सेकंद पुरतात, साबण-पाण्याने चाळीस ते साठ लागतात. आमच्या वॉर्डात हे सगळ्यांना पाठ होतं आणि तरी होत नव्हतं. रबची बाटली दारापाशी होती आणि हातांना भेगा पडून रबने आग व्हायची. बाटल्या प्रत्येक बेडच्या पायथ्याशी आल्या, सोबत हाताला लावायचं मलम आलं, आणि पोस्टरने जे वर्षभरात साधलं नव्हतं ते महिन्याभरात दिसायला लागलं.

आणि मावशी. दहाव्या महिन्यात मी सफाईच्या माणसांसोबत कचऱ्याची वाट चालत होते. एका मावशींच्या बोटाला पट्टी दिसली. विचारलं तर म्हणाल्या, "काही नाही, सुई लागली." कधी? "झाले पाच-सहा दिवस." कोणाची सुई, माहीत नाही. टोपण परत लावू नका, जागच्या जागी सुयांसाठीच्या डब्यात टाका, असं सांगूनही कोणीतरी ती साध्या पिशवीत टाकली होती. हिपॅटायटिस बीची लस न घेतलेल्या माणसाला अशा सुईतून संसर्ग होण्याची शक्यता शंभरात तीसपर्यंत जाऊ शकते. एचआयव्हीची शक्यता पुष्कळ कमी, शंभरात ०.३ च्या आसपास, पण त्यासाठीची औषधं बहात्तर तासांच्या आत आणि खरं तर जितक्या लवकर तितकी सुरू व्हायला हवीत. ते तास निघून गेले होते.

"सांगितलं का नाही, मावशी?"

"कंत्राटदार काढून टाकतो सिस्टर. मागे एकीला काढली."

लसीकरणाची यादी मी स्वतः तपासून सही केली होती. त्यात डॉक्टर होते, सिस्टर होत्या, लॅबचे लोक होते. कंत्राटावरची माणसं त्या यादीत नव्हतीच. मानकात 'सर्व कर्मचारी' असं लिहिलेलं आहे आणि 'सर्व' म्हणजे कोण हा प्रश्न मला दहा महिने पडला नव्हता. मावशींच्या तपासण्या केल्या, सहा महिने पुन्हा पुन्हा केल्या, आणि सगळ्या ठीक आल्या. त्या सहा महिन्यांत त्या जिन्यावर भेटल्या की माझ्या पोटात कालवाकालव व्हायची. कंत्राटातच आम्ही अट घातली की सुई लागल्याचं सांगितलं म्हणून कोणाला काढता येणार नाही, आणि लसीचे तिन्ही डोस सगळ्यांना दिले.

या सगळ्यात वही भरत गेली. नावाचा रकाना आम्ही ऐच्छिक केला होता. ज्या नोंदीमुळे काही बदललं ती नोंद आणि तो बदल दर महिन्याला सगळ्या वॉर्डांत वाचून दाखवायचो. आधी आठवड्याला एक यायची, मग रोज. तपासणीच्या आदल्या महिन्यात वर्षाच्या नोंदी दीडशेच्या पुढे गेल्या आणि संचालकांनी मला बोलावलं. इतक्या चुका परक्यांपुढे मांडायच्या? गंभीर तेवढ्या ठेवून एक स्वच्छ वही करता येणार नाही का? त्यांचा हेतू वाईट नव्हता. चौदा महिन्यांची मेहनत वाया जाईल अशी त्यांना भीती होती.

मी त्यांना अमेरिकेतली जुनी हकीकत सांगितली. तिथल्या सर्जनांच्या संघटनेने रुग्णालयांसाठी किमान मानकं ठरवली आणि १९१८ मध्ये शंभर किंवा जास्त खाटांची ६९२ रुग्णालयं तपासली. त्यातली फक्त ८९ उतरली. नापासांत मोठमोठी नावं होती. १९१९ मध्ये निकाल जाहीर करायची वेळ आली तेव्हा यादी वर्तमानपत्रांच्या हाती लागू नये म्हणून न्यूयॉर्कच्या ज्या हॉटेलात सभा होती त्याच्याच भट्टीत ती जाळून टाकली. ते ऐकून संचालक बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आहे तीच वही ठेवा."

मानांकन देणाऱ्या संस्थेकडून तपासणीला तिघे आले, तीन दिवस होते. दुसऱ्या दिवशी त्यांच्यातल्या एकांनी वही मागितली आणि पाऊण तास वाचत बसले. मग पोटॅशियमच्या नोंदीवर बोट ठेवून म्हणाले, "या सिस्टर अजून इथे आहेत?" ती वॉर्डात होती. मी तिच्या मागे उभी राहिले. ते तिला 'चूक कशी झाली' हे विचारतील असं मला वाटलं होतं. त्यांनी विचारलं, "त्यानंतर तुमच्याशी इथले लोक कसे वागले?" ती आधी माझ्याकडे पाहून थांबली, मग सगळं सांगितलं. माझं ते पहिलं वाक्यही सांगितलं. राजीनामा खणात ठेवल्याचंही सांगितलं. मला वाईट वाटलं नाही. ती ते माझ्यादेखत बोलू शकली याने मला रडू येत होतं.

सहा त्रुटी निघाल्या. ऑपरेशनआधीचा थांबा, म्हणजे पेशंट आणि ऑपरेशन बरोबर आहे ना हे सगळ्यांनी थांबून तपासणं, एका थिएटरमध्ये नुसता तोंडदेखला घेतला जातो, ही त्यातली सगळ्यात मोठी, आणि ती खरी होती. ती सुधारायला आम्हाला आणखी दोन महिने लागले. मग मानांकनाचं पत्र आलं.

त्या सकाळी खाली पेढे वाटणं, फोटो काढणं चाललं होतं. मी खोलीत कागद आवरत होते तेव्हा मावशी दारात आल्या, त्याच. हातात पुसणं होतं.

"सिस्टर, लिहून घ्या. लिफ्टसमोर छतातून पाणी गळतंय. पुसलं की परत होतंय. आत्ता एक म्हातारे बाबा घसरता घसरता राहिले, मी धरलं त्यांना."

मी वही उघडली. वेळ लिहिली, जागा लिहिली, काय झालं ते त्यांच्याच शब्दांत लिहिलं, आणि देखभाल विभागाला फोन लावला. शेवटचा रकाना 'कोणी सांगितलं' हा होता.

"तो रिकामा ठेवला तरी चालतो, मावशी."

"नको," त्या म्हणाल्या, "माझं नाव घाला."